म्युनिसिपालटीचं गोत्र

आमच्या मामंजींना उतारवयात एक वेड लागलं, ते बोगद्याचं.

कचेरीत शिरस्तेदार होते तोवर माणूस अगदी ठीक होता. मग पेन्शन झाली, आणि नेमकं त्याच सुमारास ठाण्याच्या म्युनिसिपालटीत लोकांनी निवडून दिलेले मेंबर घ्यायचं सरकारनं ठरवलं. आमच्या आळीनं त्र्यंबकराव वैशंपायनांना, म्हणजे मामंजींना, निवडून दिलं. रिकामा माणूस आहे, गटारांकडे लक्ष देईल, एवढीच आळीची अपेक्षा होती. मामंजींनी पहिल्याच सभेत गटारं ओलांडून थेट डोंगराकडे नजर लावली.

त्याचं असं होतं, की ठाण्यात तळी पुष्कळ, पण त्यांत म्हशी आणि धुणी. प्यायचं पाणी विहिरींचं, आणि वैशाखात विहिरी तळाला जायच्या. डोंगराच्या सोंडेपलीकडे मात्र एक तळं होतं, ते कधी आटायचं नाही. सरकारच्या इंजिनेरसाहेबानं हिशेब मांडला, की सोंडेतून आरपार बोगदा मारला तर तळ्याचं पाणी आपल्या उतारानं शहराच्या तोंडाशी येईल आणि तिथून नळानं आळीआळीत फिरेल. सरकार कर्ज द्यायला राजी होतं. अट एकच, लोकांनी हो म्हटलं पाहिजे. भरसभेत हरकती निघाल्या तर तोच पैसा कल्याणला जाणार, तिथले लोक टपून बसलेच होते.

मामंजींनी हा बोगदा प्रथम मारला तो आमच्या स्वयंपाकघरात. जेवायला बसले, भाताचा डोंगर केला, एका अंगाला वरणाचं तळं केलं आणि बोटानं डोंगराला आरपार भोक पाडलं.

"बघ श्रीपाद," ते मुलाला, म्हणजे आमच्या घरच्या स्वारीला म्हणाले, "यंत्र नको, बैल नको. पाणी आपलं आपण उतरतं."

वरण उतरलं ते सरळ कोशिंबिरीत गेलं.

"हे आपलं शहर," मामंजी कोशिंबिरीकडे बोट दाखवून म्हणाले.

"बुडालं," उंबऱ्याशी बसलेल्या आत्याबाई म्हणाल्या. "आता जेव. ताटात खेळायचं वय राहिलं का तुझं, त्र्यंबका?"

आत्याबाई म्हणजे मामंजींच्या थोरल्या बहीण, गोदूबाई. लहानपणीच कपाळ पांढरं झालं आणि माहेरी परत आल्या. आई गेल्यावर मामंजींना त्यांनीच वाढवलं. एवढ्या मोठ्या शिरस्तेदाराला "नाक पूस" म्हणायचा अधिकार ठाण्यात फक्त त्यांनाच होता, आणि तो त्या अधूनमधून वापरायच्या.

त्यांचं सोवळं साऱ्या आळीत प्रसिद्ध होतं. स्वतः भरलेल्या पाण्याखेरीज थेंब तोंडात घ्यायच्या नाहीत. सकाळी आंघोळ करून ओलेत्यानं विहिरीवर जायच्या. विहीर पायऱ्यांची. वरच्या पायऱ्या ढासळलेल्या, आणि पाणी भरलेली कळशी घेऊन चढताना नेमका तिथंच तोल जायचा. मी रोज त्यांच्या मागं एक पायरी ठेवून चालायची, हात पुढे धरून, पण न लावता. लावला तर सोवळं मोडलं, पाणी ओतलं, पुन्हा आंघोळ, पुन्हा विहीर. म्हणजे त्यांना सावरण्याचा एकच मार्ग होता आणि तोच बंद होता. पडतील या भीतीनं माझा जीव अर्धा व्हायचा, आणि त्या पुढून म्हणायच्या, "सुमती, श्वास जरा लांबून घे गं, मानेला लागतो."

बोगद्याच्या आदल्या वैशाखात त्या पडल्याच. मी ओरडले, मामंजी अनवाणी धावत आले. आत्याबाई पायरीवर आडव्या, कळशी गडगडत खाली. मामंजी वाकले तर त्या कळवळून ओरडल्या, "शिवू नकोस!" आणि मामंजी शिवले नाहीत. तिथंच, हातभर अंतरावर, ढासळल्या पायरीवर बसून राहिले. आत्याबाई आपल्या आपण उठल्या, लंगडत खाली गेल्या, पुन्हा कळशी भरली आणि वर आल्या. मामंजी नुसते बघत होते. त्यांचा तो चेहरा मी विसरले नाही. त्यानंतर काही दिवसांतच ते म्युनिसिपालटीत बोगदा बोगदा करायला लागले. लोक म्हणायचे, शहराच्या आरोग्याची केवढी कळकळ! आरोग्याची असेलही. मला माहीत होतं, तो सगळा डोंगर त्या चार पायऱ्यांसाठी फोडायचा होता.

आता गंमत अशी, की बोगद्याला सगळ्यांत मोठी हरकत आत्याबाईंचीच. आणि आळीचं ठरलेलं होतं, गोदूबाई पितील तर आम्ही पिऊ.

मामंजी लोकांची मनं वळवायला निघाले. वळवण्याची त्यांची रीत कचेरीतली होती, ज्याला जे ऐकायचं ते त्याला सांगायचं. कोपरीच्या दुकानदारांना त्यांनी पाण्याबद्दल चकार शब्द सांगितला नाही. "ठीक आहे, कल्याणकर पितील," एवढंच म्हणून सुस्कारा टाकला. दुकानदार जागच्या जागी बोगद्याचे झाले. कोपरीतल्या बायकांत कुणीतरी उठवलं होतं, की बोगदा पुरा व्हायला सरकारला एक पोर पुरावं लागतं. मामंजींनी तिथं आपल्या नातवाला कडेवर घेऊन फेऱ्या मारल्या, म्हणजे पुरायचंच तर आधी मेंबराचं पुरतील. तो नातू म्हणजे माझा मुलगा, मला कुणी विचारलं नव्हतं.

आमच्या आळीत त्यांनी सांगितलं, "या पाण्याला डोंगरापासून दारापर्यंत माणसाचा हात म्हणून लागायचा नाही. आजवर असं सोवळं पाणी कुणी प्यायलं नसेल." आळी खूश झाली. शेजारचे प्रभाकरपंत गोखले तर म्हणाले, असं असेल तर पाण्याआधी नळालाच नमस्कार करू.

आणि मग ते कोलशेतच्या अंगाला, डोंगराखालच्या आगरी पाड्यावर गेले. या लोकांची शेतं खाडीकाठी, मिठागरं खाडीकाठी, विहिरीसुद्धा खारट. प्यायचं पाणी बायका त्याच तळ्यावरून डोक्यावर आणायच्या. त्यांची भीती खरी होती, की तळं शहर पिऊन टाकेल. मामंजींनी पाड्याच्या पंढरी पाटलाला सांगितलं, "अरे, बोगद्याला सगळे हात तुमचेच लागणार! आणि बोगद्याच्या तोंडाशी पहिला नळ तुमचा." नळाचं त्यांनी मनापासून सांगितलं होतं. इंजिनेरसाहेबाला सांगायचं तेवढं राहिलं.

घरी मात्र डाळ शिजेना.

"नळाच्या चावीत चामडं असतं," आत्याबाई म्हणाल्या.

मामंजींनी साहेबाशी खटपट करून आमच्या आळीपुरती बिनचामड्याची चावी कबूल करून घेतली. साहेब म्हणाला, नळ गळेल. मामंजी म्हणाले, गळू दे. तो नळ पुढे जन्मभर गळला.

"मुंब्र्याच्या बोगद्यात गाडी शिरली की माणसं रामनाम घेतात," आत्याबाई म्हणाल्या. "तसल्या काळोखातून आलेलं पाणी देवाला कसं चालेल?"

"अक्का, झरा कुठून येतो? जमिनीखाली काय समया लावल्यात?"

यावर आत्याबाईंनी हातातली वात वळून पुरी केली. मामंजींनी माझ्याकडे विजयी मुद्रेनं पाहिलं. तेवढ्यात आत्याबाईंनी खरा पत्ता काढला.

"उत्सर्ग कोण करणार?"

मामंजींचा चेहरा उतरला. नवीन विहीर खणली, तळं बांधलं, की धन्यानं संकल्प सोडून ते पाणी देऊन टाकायचं असतं. माझं नाही म्हणायचं. तोवर ते पाणी शास्त्राला चालत नाही. आत्याबाईंना असं पाणी सोडणं लहानपणापासून ठाऊक.

"पाणी कुणाचं?" त्यांनी विचारलं.

"म्युनिसिपालटीचं."

"मग म्युनिसिपालटीनं संकल्प सोडायचा. संकल्पात गोत्र सांगावं लागतं. तिचं गोत्र काय?"

ज्या माणसानं गव्हर्मेंटच्या भल्याभल्या पत्रांना उत्तरं लिहिली, तो या एका प्रश्नासाठी पंचांग चाळत बसला. म्युनिसिपालटीचे अध्यक्ष कलेक्टरसाहेब. त्यांचं गोत्र विचारायला जायचं कुणी? रात्री जेवताना घरच्या स्वारीनं भीत भीत सुचवलं, की साहेब स्कॉटलंडचे आहेत. त्याचा काही उपयोग झाला नाही.

शेवटी मामंजी गुरुदत्तशास्त्र्यांकडे गेले. शास्त्रीबुवा आमचे उपाध्ये, विद्वान आणि सावध. त्यांनी डोळे मिटले, उघडले आणि सांगितलं, "ज्याचं गोत्र ठाऊक नाही त्याचं काश्यप. म्युनिसिपालटी काश्यपगोत्री."

ही बातमी संध्याकाळच्या आत गावभर झाली. प्रभाकरपंत गोखले काश्यपगोत्री. लोक त्यांना रस्त्यात अडवून विचारू लागले, काय पंत, भाऊबंदांच्या गटाराचं काय झालं? पंत आठवडाभर मागच्या दारानं जा-ये करत होते. आत्याबाईंना मात्र उत्तर पटलं. "काश्यप चालेल," त्या म्हणाल्या. "उत्सर्ग यथासांग होणार असेल तर बघू." त्यांच्या तोंडून "बघू" निघणं म्हणजे अर्धा डोंगर फुटल्यासारखंच होतं, आणि मामंजींनी त्या दिवशी भात न खेळता खाल्ला.

मग सभेचा दिवस आला. तळ्याकाठच्या मैदानात मांडव, इंजिनेरसाहेब खुर्चीवर, मागं भलामोठा नकाशा टांगलेला. एका बाजूला कनात लावून बायकांची सोय. आत्याबाई देवदर्शनाला म्हणून निघाल्या आणि वाट वाकडी करून कनातीमागं येऊन बसल्या. मी शेजारी, पण न शिवता.

कचेरीतल्या रीतीचा एक तोटा असतो. ती माणसं एकेकटी भेटतात तोवरच चालते. इथं सगळे एका मांडवात आले.

प्रभाकरपंत उठले. "या पाण्याला माणसाचा हात लागणार नाही, असा त्र्यंबकरावांनी आम्हाला शब्द दिलाय. तेवढ्यावर आमची आळी राजी आहे."

पाठीमागून पंढरी पाटील उभा राहिला. "हात नाय लागाचा? कसा रावसाब? तुमीच आमचे पाड्यान येऊन बोललाव ना, समदे हात आमचेच लागतील म्हनून? सुरुंग आमची मान्सा लावनार, पाट्या आमच्या बायका उचलनार. मंग पानी काय हातावाचून येल?"

आळीचे लोक मामंजींकडे बघू लागले. मामंजी नकाशाकडे बघू लागले.

पंढरीची बायको सगुणा कनातीच्या टोकाशी उभी होती. तिनं कनात बाजूला सारली आणि सरळ नकाशावर बोट रोखलं. "न बोगद्याचे तोंडाशी आमाना नल देनार बोललाव, तो कं हाय? ती समदी रेघ शहरानशी जाते. आमचा पाडा त त्याच्यान नायच. तुमी पानी न्याचा न आमी भोक बगाचा?"

दुभाष्यानं साहेबाला सांगितलं. साहेब म्हणाला, तोंडाशी नळ योजनेत नाही. दुभाष्यानं तेही इमानेइतबारे मराठीत सांगितलं. एवढा इमानी दुभाष्या नको तेव्हा बरा मिळतो.

"मंग आमची हरकत लिवा," पंढरी म्हणाला.

"आमचीही," प्रभाकरपंत म्हणाले. काश्यपगोत्राचा राग त्यांच्या मनात होताच.

मामंजी उभे होते तिथंच घाम पुसत राहिले. खोटं असं ते कुणाशीच बोलले नव्हते. प्रत्येकाला खऱ्याचा एक एक तुकडा दिला होता, आणि आता ते तुकडे एकमेकांना जुळेनात. साहेबानं घड्याळ काढून पाहिलं. मला रडू यायला लागलं, कारण मला मांडव दिसत नव्हता, त्या ढासळलेल्या पायऱ्या दिसत होत्या.

"गुरुदत्ता!"

सगळा मांडव कनातीकडे वळला. कनातीमागून बाईचा आवाज, तोही भरसभेत, आणि तोही शास्त्रीबुवांना एकेरी. आत्याबाईंनी त्यांना लंगोटीत पाहिलेलं होतं, म्हणून.

"उत्सर्गात काय म्हणतात ते या लोकांना मराठीत सांग."

शास्त्रीबुवा चाचरत उठले. "म्हणतात की... हे पाणी मी सर्व भूतांना दिलं. त्यांनी यात न्हावं, हे प्यावं, सुखी असावं."

"सर्व भूतं म्हणजे कोण?"

"म्हणजे सगळे जीव. गाई, पाखरं, मुंग्या, बेडूक..."

"न आमी?" सगुणानं विचारलं.

शास्त्रीबुवांनी उपरणं सारखं केलं. मग पुन्हा सारखं केलं.

"बेडूक धरलास ना रे?" आत्याबाई म्हणाल्या. "मग तिला कशी सोडतोस?"

मांडवात हशा उसळला. दुभाष्याला बेडकाची इंग्रजी सांगता सांगता पुरेवाट झाली. हशा विरल्यावर आत्याबाई त्याच आवाजात पुढे बोलल्या. "तळ्याच्या उशाला जे राहतात त्यांनाच पाणी नसेल तर तो उत्सर्ग खोटा. खोट्या उत्सर्गाचं पाणी मी पिणार नाही. आणि प्रभाकरा, हातांचं म्हणशील तर तुझ्या आजोबांनी विहीर काय स्वतःच्या हातांनी खणली होती? खणणारे खणून जातात. उत्सर्ग झाला की पाणी पाण्याचं होतं. आता बैस."

प्रभाकरपंत बसले.

साहेबानं विचारलं, त्या वृद्ध बाई काय म्हणाल्या. मामंजींनी दुभाष्याला बाजूला सारलं आणि आपल्या कचेरीतल्या इंग्रजीत सांगितलं, की योजना उत्तम आहे, फक्त एक नळ कमी पडतोय. साहेब हसला. त्यानं पेन्सिल काढली आणि बोगद्याच्या तोंडाशी एक बारीकशी रेघ ओढली. सगुणानं जवळ जाऊन ती रेघ नीट पाहून घेतली, मगच पंढरीनं हरकत मागं घेतली. आमच्या आळीनं हात वर केले. कोपरीच्या दुकानदारांनी तर दोन्ही केले.

लोक नंतर म्हणायचे, गोदूबाईंना त्या बाईची दया आली. मी त्यांना ओळखते. विधीत खोट त्यांना चालत नाही, एवढंच असावं. फक्त घरी येताना वाटेत त्यांनी विचारलं, "ती किती लांबून आणत असेल गं पाणी?" मी म्हटलं, तळ्यापासून. त्या म्हणाल्या, "डोक्यावर."

बोगदा व्हायला मध्ये दोन पावसाळे गेले. एकही पोर पुरावं लागलं नाही. पाणी सोडायच्या आदल्या दिवशी शास्त्रीबुवा आमच्याकडे आले आणि मामंजींना ओसरीवर बाजूला घेऊन हळूच बोलू लागले. मी दाराआड कडधान्य निवडत होते. कान माझे उघडेच होते.

अडचण यजमानाची होती. म्युनिसिपालटीच्या वतीनं संकल्प सोडायला कुणीतरी मेंबर बसायला हवा. पण शास्त्रीबुवांनी सगळ्यांना आधीच एक बारीक गोष्ट सांगून ठेवली होती. पाणी जो देतो त्यानं ते पुन्हा आपल्यासाठी घ्यावं का, यावर दोन मतं आहेत. एक म्हणतं, सर्व भूतांत तोही आला, खुशाल प्यावं. दुसरं कडक, दिलेलं परत घेऊ नये. हे ऐकल्यावर एकेका मेंबराला कामं निघाली. एकाची सासुरवाडी आजारी पडली, एकाचं कंबरडं धरलं. नळाचं पाणी स्वतः प्यायचं सोडायला कोण तयार होणार?

"आमची अक्का यातलं कुठलं मत धरील?" मामंजींनी विचारलं.

शास्त्रीबुवा हसले. "हे काय विचारणं झालं? कडक."

"मग मीही तेच धरतो. मी बसतो यजमान. एक मात्र करा, तिला सांगू नका."

मी निवडलेल्या मुगांत खडे मिसळले, मला कळलंच नाही.

दुसऱ्या दिवशी मामंजी पाटावर बसले. सासूबाई नव्हत्या, म्हणून पत्नीच्या जागी कमरेला सुपारी खोचली, आणि काश्यपगोत्री म्युनिसिपालटीच्या वतीनं तळहातावरून पाणी सोडून दिलं. आळीतल्या बिनचामड्याच्या नळाला धार लागली. सगळी आळी जमलेली. आत्याबाईंनी नळाला हळदकुंकू वाहायला मला सांगितलं, स्वतः कळशी घासून भरली, देवाला दाखवली आणि ओंजळ तोंडाशी नेली.

"गोड आहे," त्या म्हणाल्या. लगेच नळाशी एवढी झुंबड उडाली, की दोघांची उपरणी फाटली.

त्या दिवसापासून आत्याबाई विहिरीवर गेल्या नाहीत. दारासमोरच्या नळावरून आपलं सोवळ्याचं पाणी भरायच्या. माझा पुढे धरलेला हात मोकळा झाला. सकाळी काय करावं त्या हाताचं, ते काही दिवस मला कळेना.

मामंजी मात्र पहाटे "फिरून येतो" म्हणायचे आणि उपरण्याखाली तांब्या घेऊन जायचे. फिरायला तांब्या कशाला, असं कुणी विचारलं नाही; पहाटे तांब्या घेऊन निघालेल्या माणसाला कारण विचारायचं नसतं. मी एकदा म्हटलं, मी आणून देते विहिरीवरून. तर म्हणाले, "तू उतरायचीस तर मग मी डोंगर कशाला फोडला?" तेव्हापासून मी लांबून नुसतं लक्ष ठेवायची.

आत्याबाईंपासून किती दिवस लपणार? जेवताना मामंजींनी पुढ्यातलं नळाचं भांडं सारून आपल्या तांब्यातलं पाणी घेतलं, ते त्यांनी पाहिलं.

"गावभर सांगत फिरलास आणि स्वतः पीत नाहीस?"

"सवय गं, अक्का. जुनी जीभ."

आत्याबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी जमिनीकडे पाहिलं. लपवायचं असलं की मी जमिनीकडे बघते, हे त्यांना माहीत होतं.

"यजमान तू बसला होतास," त्या सावकाश म्हणाल्या.

मामंजी भात कालवत राहिले.

"गुरुदत्तानं दुसरं मत नाही सांगितलं?"

"सांगितलं. तुझं कुठलं असेल ते विचारलं, आणि तेच धरलं."

मला वाटलं, आता त्या म्हणतील, अरे सैल मत धर, पी सुखानं. वाट बघत मी वाढायची थांबले. पण शास्त्राशी लबाडी करतील तर त्या आत्याबाई कसल्या!

"बरोबर केलंस," एवढंच बोलून त्या उठल्या. आत गेल्यावर त्यांनी दोनदा नाक शिंकरलं. सर्दी नव्हती त्यांना.

दुसऱ्या दिवशी मामंजी निघाले तेव्हा आत्याबाई आंघोळ करून ओलेत्यानं दारात उभ्या होत्या. त्यांच्या मागून चालू लागल्या, लंगडत. मीही निघाले. विहिरीशी त्या काठावरच थांबल्या. मामंजी खाली गेले, तांब्या भरला, गुडघ्यावर हात टेकत वर यायला लागले. ढासळलेल्या पायऱ्यांशी आले आणि पाय डळमळला.

माझा हात सवयीनं पुढे गेला. त्याच्याआधी आत्याबाईंचा गेला होता. त्यांनी मामंजींचं मनगट घट्ट धरून त्यांना वर ओढलं.

"अक्का!" मामंजी घाबरून म्हणाले. "सोवळं मोडलं तुझं."

"मोडू दे. परत आंघोळ करीन," आत्याबाई म्हणाल्या. "दाराशी नळ आहे."

आणि घर येईपर्यंत त्यांनी ते मनगट सोडलं नाही.